फिश टँकच्या काचेवरची पांढरी रेघ साबणाने का जात नाही? आणि माशांना धक्का न लावता ती कशी काढायची?

फिश टँक घरी आणून दोन-तीन महिने झाले की पाण्याच्या पातळीजवळ काचेवर एक पांढरी, खरखरीत रेघ दिसायला लागते. फडक्याने पुसून ती जात नाही. मग कुणी भांड्यांचा साबण लावतं, तर कुणी थेट बाथरूम साफ करायचं ॲसिड आणतं. काच चकचकीत होते, पण त्या नादात टँकमधले मासे मरू शकतात.

ही रेघ नेमकी कशाची असते?

विहिरीच्या आणि बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. या पाण्याला आपण जड पाणी म्हणतो. शाळेच्या पुस्तकात त्यालाच 'दुष्फेन' म्हटलंय, कारण त्यात साबणाला नीट फेस येत नाही. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार पाण्याची कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालते.

टँकमधल्या पाण्याची वाफ होते, क्षारांची होत नाही. काचेचा ओला पट्टा वाळला की मागे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट उरतं. गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोंडाशी जमतो, तोच हा थर.

साबण चालत नाही, मग व्हिनेगर का चालतं?

साबण तेलकटपणा काढतो. हा थर म्हणजे चुनखडीच, आणि चुनखडी आम्लात विरघळते. साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ४ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिड असतं, तेवढं पुरेसं आहे. डागावर एक थेंब टाकून बघा. बारीक बुडबुडे आले तर तो कार्बन डायऑक्साइड आहे आणि डाग क्षारांचाच आहे. बुडबुडे आले नाहीत आणि डागही हलला नाही, तर तो काचेवरचा ओरखडा असू शकतो. तो व्हिनेगरने जाणार नाही.

मासे टँकमध्ये असताना काय करायचं?

१. आधी फिल्टर आणि हीटरचे प्लग काढा.
२. पाण्याची पातळी रेघेच्या दोन-तीन इंच खाली आणा.
३. टिश्यू पेपर व्हिनेगरमध्ये भिजवून पिळा आणि रेघेवर चिकटवा. थेंब पाण्यात ओघळू देऊ नका.
४. १०-१५ मिनिटांनी पेपर काढा. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने थर खरवडा आणि फडक्याने टिपून घ्या.
५. साध्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने काच दोनदा पुसा. मग क्लोरीन काढलेलं, टँकइतक्याच तापमानाचं पाणी भरा आणि फिल्टर, हीटर सुरू करा.

थर जाड असेल तर काचेवर ब्लेड तिरकं धरून चालवता येतं, पण कोपऱ्यातल्या सिलिकॉनपासून लांब. टँक ॲक्रिलिकचा असेल तर ब्लेड अजिबात नको, त्यावर लगेच चरे पडतात.

व्हिनेगर पाण्यात पडलं तर?

एखाद्या थेंबाने काही बिघडत नाही. पाण्यातलं बायकार्बोनेट तेवढं आम्ल पचवतं. पण जास्त पडलं तर हे बायकार्बोनेट संपत जातं आणि पीएच एकदम खाली येतो. हा अचानक बदल माशांना सोसत नाही. बाथरूमचं ॲसिड व्हिनेगरपेक्षा कितीतरी तीव्र असतं, त्यामुळे ते टँकच्या आसपासही नको. आणि कोणतंही आम्ल, अगदी व्हिनेगरसुद्धा, ब्लीचमध्ये मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

एका रेघेसाठी अख्खा टँक रिकामा करून सगळं नळाखाली धुणं हीसुद्धा चूकच. माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया कमी घातक करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये राहतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मरतात. मग काच स्वच्छ दिसते, पण पाण्यात अमोनिया साठत जातो.

रेघ पुन्हा येऊ नये म्हणून?

समजा, टँकमधून आठवड्याला ५ लिटर पाणी उडतं आणि तुम्ही ३०० मिलिग्रॅम कठीणतेचं पाणी वरून घालता. म्हणजे दर आठवड्याला दीड ग्रॅम, वर्षाला सुमारे ७८ ग्रॅम क्षार टँकमध्ये वाढतात. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं पाणी घाला. मात्र सगळा टँक आरओच्या पाण्याने भरू नका, माशांना थोडे क्षार लागतातच. नुसती भर घालत न राहता अधूनमधून थोडं जुनं पाणी काढून नवं भरा. टँकवर झाकण ठेवा, वाफ कमी होईल. आणि आठवड्यातून एकदा पाण्याच्या वरची काच ओल्या फडक्याने पुसा. ताजा थर सहज निघतो, जुना झाला की दगडासारखा चिकटतो.