वीत, लिंक आणि पांडा

इंजिनिअरिंगला आल्यावर सीनियरकडून मिळणारं पहिलं ज्ञान म्हणजे, "सर वाचत नाहीत, वितीने मोजून मार्क देतात. पुरवण्या लावत जा!" खरंखोटं परीक्षकांनाच ठाऊक. (स्टाफरूमने कृपया राग मानू नये.) पण सुरुवातीची सर्च इंजिनं मात्र बऱ्याच अंशी असाच पेपर तपासायची. १९९५ साली आलेलं अल्टाव्हिस्टा आणि त्याच्या जोडीची इंजिनं मुख्यतः शोधलेला शब्द पानावर कुठे आणि किती वेळा आलाय ते बघत. मग साइटवाल्यांनी काय करावं? पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरात तोच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवला. वाचणाऱ्याला काही दिसत नाही, मशीनला मात्र भरगच्च उत्तर!

१९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी वेगळी युक्ती मांडली. पान स्वतःबद्दल काय म्हणतं ते सोडा, बाकीची पानं त्याच्याकडे बोट दाखवतात का ते बघा. प्रत्येक लिंक म्हणजे एक मत, पण सगळ्यांच्या मताला सारखी किंमत नाही. एम-थ्रीला कोणतं पुस्तक घ्यायचं हे सगळा हॉस्टेल सांगतो. आपण ऐकतो त्याचंच, ज्याच्याकडे बाकीचे विचारायला जातात. हाच पेजरँक. (आयगेन व्हेक्टर शिकून पुढे काय होतं, असं विचारणाऱ्यांनी नोंद घ्यावी. गूगल होतं!)

पण लिंकलाही किंमत आहे म्हटल्यावर तिचा बाजार भरणारच. लिंका विकत मिळू लागल्या, एकमेकांना मतं देणाऱ्या साइटींची शेती सुरू झाली. त्यांच्यासाठी गूगलला एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन' नावाचा बदल आणावा लागला.

खरी गोम अशी की शब्द काय किंवा लिंक काय, ही नुसती मोजमापं आहेत. वाचणाऱ्याचं काम झालं का, हे थेट मोजता येत नाही, म्हणून त्याच्या जवळपासचं काहीतरी मोजायचं. आणि मार्क कशाला आहेत हे कळलं की पोरं तेवढंच करतात.

याचा कळस झाला 'कंटेंट फार्म'मध्ये. अमेरिकेतली डिमांड मीडिया ही कंपनी लोक काय शोधतात आणि कुठल्या शब्दावर जाहिरातीचे किती पैसे मिळतात याचं गणित मांडून विषय ठरवायची आणि साधारण १५ डॉलरला एक लेख लिहून घ्यायची. लेख चुकीचा असेलच असं नाही, पण वाचून हाती काही लागायचं नाही. जानेवारी २०११ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात उतरली. पुढच्याच महिन्यात 'पांडा' आला! अमेरिकेतल्या सुमारे १२ टक्के शोधांचे निकाल त्याने हलले. (पांडा म्हणजे तो बांबू खाणारा प्राणी नव्हे, नवनीत पांडा या इंजिनिअरचं आडनाव.)

पांडाची पद्धत मला सगळ्यात आवडते. रुरकीला इंजिनिअरिंग केलेले अमित सिंघल तेव्हा गूगलच्या रँकिंगचं काम बघत. त्यांच्या टीमने बाहेरच्या माणसांना साइटी दाखवून साधे प्रश्न विचारले. या साइटला तुमचा क्रेडिट कार्डाचा नंबर द्याल का? इथे सांगितलेलं औषध स्वतःच्या मुलांना द्याल का? या उत्तरांवरून मशीनला शिकवलं की माणसाला भरवशाचं वाटणारं पान कसं दिसतं. शिवाय एका नासक्या आंब्याने आढी नासावी तशी फालतू पानं साइटीवरच्या चांगल्या पानांनाही खाली ओढू लागली. डिमांड मीडियाची 'ईहाऊ' पहिल्या फेरीत सुटली, एप्रिलच्या फेरीत सापडली.

प्रश्न नीट समजणं ही वेगळीच डोकेदुखी. ब्राझीलच्या माणसाला अमेरिकेला जायला व्हिसा लागतो का, असं विचारलं तर गूगल अमेरिकनांनी ब्राझीलला कसं जावं ते सांगायचं. शब्द तेच, दिशा उलटी! आपल्याकडे सगळा फरक 'हून' आणि 'ला' मध्ये. ऑक्टोबर २०१९ मध्ये बर्ट हे मॉडेल आल्यावर असे बारके शब्द मोजले जाऊ लागले, आणि त्याच डिसेंबरात ते मराठीसह सत्तरहून जास्त भाषांत आलं.

ऑगस्ट २०२२ च्या बदलात तर गूगलने लिहिणाऱ्यांनाच प्रश्न विचारले. वाचून झाल्यावर माणसाला पुन्हा दुसरीकडे शोधावं लागतं का? ठराविक शब्दसंख्या गाठायला लिहिताय का? (अशी कुठलीही संख्या आम्हाला आवडत नाही, असंही सांगून टाकलं. म्हणजे वीत बाद!) ज्याला उत्तरच नाही अशा प्रश्नाचं उत्तर द्यायचं आमिष दाखवताय का? 'रिझल्ट कधी लागणार' हे शोधून, लांबलचक पान खाली सरकवून, शेवटी 'तारीख लवकरच जाहीर होईल' हे वाचलेल्यांना याचं महत्त्व सांगायला नको.

मात्र चाळणीतून खड्यांबरोबर तांदूळही जातात. सप्टेंबर २०२३ च्या फेरीत एकेकट्याने, वस्तू स्वतः वापरून प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या बऱ्याच छोट्या साइटींचे वाचक आटले. काहींचं त्यावरच पोट होतं. मार्च २०२४ मध्ये ही चाळणी मुख्य रँकिंगमध्येच मिसळली आणि निकालांतला निकृष्ट मजकूर ४५ टक्क्यांनी घटल्याचं गूगलने सांगितलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अशा वीसेक साइटवाल्यांना कॅलिफोर्नियातल्या मुख्यालयात बोलावून त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं. वाचक परत मिळतील असा शब्द मात्र कुणालाच दिला नाही.