भाकरी ग्लूटेनमुक्तच आहे, गिरणीचं काय?

‘ग्लूटेनमुक्त’ हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे येतं ते मॉलमधलं महागडं पाकीट. म्हणून ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडकडे त्याची वासलात ‘शहरी थेरं’ म्हणून लावली जाते. हा सगळ्यात मोठा गैरसमज, कारण डोळखांब किंवा टोकावड्याच्या बाजूची जुनी शिदोरी मुळातच ग्लूटेनमुक्त आहे. तांदळाची नाहीतर नागलीची भाकरी, वरीचा भात, उडदाचं वरण, वालाची भाजी, पावसाळ्यात शेवळं आणि टाकळा, यांपैकी कशातही ग्लूटेन नाही. हे प्रथिन असतं गव्हात, जवात आणि राय नावाच्या युरोपी धान्यात. मॉलमधल्या पाकिटावर जे ऐटीत छापलेलं असतं, ते इथल्या वरकस जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या पिकत आलं आहे. तेव्हा सिलिअ‍ॅक हा ग्लूटेन न चालणारा आजार झालेल्या माणसाने इथे नवं काय खायचं, हा प्रश्न फार अवघड नाही. अवघड आहे ते ताटात नकळत येणारा गहू ओळखणं, आणि त्याही आधी आजार ओळखणं.

यावर लगेच आक्षेप येतो की भात खाणाऱ्या मुलखात हा आजार होतच नाही, मग चर्चा कशाला? आक्षेपाला थोडा आधार आहे, पण थोडाच. सिलिअ‍ॅक ही गव्हाची साधी अ‍ॅलर्जी नव्हे. ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, आतली रसांकुरं झिजतात आणि अन्नातलं सत्त्व अंगी लागत नाही. त्यासाठी विशिष्ट जनुकं लागतात आणि ग्लूटेनही लागतं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारताच्या तीन भागांतल्या तेवीस हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली. रक्तात या आजाराची प्रतिपिंडं असलेल्यांचं प्रमाण उत्तरेत 1.23 टक्के, ईशान्येत 0.87 टक्के आणि दक्षिणेत 0.10 टक्के निघालं. जनुकं मात्र तिन्हीकडे जवळपास सारखीच होती, साधारण तीन माणसांत एकाकडे. उत्तरेतला माणूस दिवसाला साडेचारशे ग्रॅमच्या आसपास गहू खात होता, दक्षिणेतला पंचवीस ग्रॅम. एवढ्यावर ‘भात खा, निर्धास्त राहा’ असं म्हणता आलं असतं, पण ईशान्य भारत आडवा येतो. तिथे गहू जेमतेम सदतीस ग्रॅम, तरी प्रतिपिंडं असलेले दक्षिणेच्या आठपटीहून जास्त. म्हणजे कमी गहू खाणं हे कवच नव्हे. शिवाय शहापूर-मुरबाडचं ताट आता पूर्वीचं राहिलेलं नाही. रेशनवर तांदळाबरोबर गहू मिळतो, आश्रमशाळेच्या जेवणात चपाती असते, सकाळच्या चहाबरोबर बिस्किट नाहीतर टोस्ट आणि नाक्यावर वडापाव. नागलीची लावणी कष्टाची, तिचा पेरा घटला आणि त्या जागी गहू हळूच येऊन बसला.

याचा उलटा अर्थही काढू नये. या तालुक्यांतल्या आदिवासी पाड्यांवरचं कुपोषण म्हणजे सिलिअ‍ॅक, असं म्हणणं चूकच. तिथे मुळात पोटभर आणि चौरस अन्न नसणं हे मोठं कारण आहे. पण पुरेसं खाऊनही एखाद्या मुलाची उंची वाढत नसेल, जुलाब हटत नसतील किंवा लोहाच्या गोळ्या घेऊनही एखाद्या बाईचं रक्त वाढत नसेल, तर डॉक्टरांनी हा आजारही मनात आणायला हवा. पोट बिघडलं तरच सिलिअ‍ॅक, हा समज फसवा आहे. कित्येकांत फक्त रक्तक्षय दिसतो.

‘थोडंसं चालतं’ हे मात्र सगळ्यात घातक वाक्य. इटलीतल्या 2007 सालच्या अभ्यासात रुग्णांना तीन महिने रोज फक्त 50 मिलिग्रॅम ग्लूटेन दिलं, तेवढ्यानेही रसांकुरांना इजा दिसली. पावाच्या एका स्लाइसमध्ये याच्या कितीतरी पट असतं. आता गिरणीचा हिशेब करा. गहू दळून झाल्यावर त्याच जात्यावर एक किलो नागली टाकली आणि तिच्यात फक्त पाच ग्रॅम कणीक राहिली, तर त्यातून सुमारे 400 मिलिग्रॅम ग्लूटेन आलं. ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणवून घ्यायला आपल्या कायद्यानुसार किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. हे पीठ तिच्या वीसपट. शंभर-शंभर ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्या खाल्ल्या की रोजचे 80 मिलिग्रॅम झाले. भाकरी नागलीची, दोष गिरणीचा. म्हणून रुग्णापुरतं दळण घरच्या जात्यावर किंवा वेगळ्या छोट्या चक्कीवर काढणं हा लाड नाही, तो उपचारच आहे. पोळपाट, परात आणि तवाही वेगळा हवा. डब्यातल्या हिंगात बहुधा मैदा असतो, कुरडया गव्हाच्या चिकाच्या, पूजेचा शिरा रव्याचा. उपासाची भगर, राजगिरा, साबुदाणा चालतात, पण सुटं पीठ कुठे दळलं हे विचारायलाच हवं. खपली गव्हाचं सध्या फार कौतुक आहे. मधुमेह्यांनी काय ते ठरवावं, सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला खपलीही वर्ज्य. खपली हा गहूच.

याच्या दुसऱ्या टोकाला गव्हालाच विष ठरवणारे आहेत. आजार नसलेल्या माणसाला गहू सोडून वजन उतरण्याची किंवा प्रकृती सुधारण्याची हमी कुणी देऊ शकत नाही, आणि मैद्याऐवजी पॉलिश तांदळाची बिस्किटं खाणं ही काही सुधारणा नव्हे. रुग्णानेही नुसत्या भातावर राहू नये. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि झिजलेल्या आतड्यामुळे हाडं कमकुवत झालेल्याला तेच हवं असतं. लोहासाठी जोडीला कुळीथ, चवळी, पालेभाज्या, जमेल तेव्हा अंडी आणि सुकट. गरिबाला हे परवडत नाही असं म्हणताना एवढं लक्षात ठेवावं की यातलं बरंच आठवडी बाजारात पोत्यांतून आणि टोपल्यांतून मिळतं. रेशनवरचा गहू घरातल्या इतरांनी खायचा. त्याच्या जागी रुग्णाला जास्तीचा तांदूळ किंवा नागली मिळावी, ही मागणी रास्तच आहे.

एक सूचना शेवटी, कारण घाई नेमकी इथेच होते. संशय आला की लोक आधी गहू बंद करतात, बरं वाटलं की तपासणीला जातात, आणि मग या आजाराच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी खोटी ‘नॉर्मल’ येऊ शकते. पथ्य जन्मभराचं असल्याने निदान पक्कं हवं. रक्ताची आणि गरज पडल्यास दुर्बिणीची तपासणी पूर्ण होईपर्यंत गहू खाणं चालू ठेवा.