आशाताईंचा एक दिवस

पहाटे ५ : पाणी भरणं, भाकऱ्या, मुलांचे डबे, सासऱ्यांचा चहा. त्या गावच्या आरोग्य कार्यकर्ती, म्हणजे 'आशा', झाल्या म्हणून यातलं एकही काम दुसऱ्या कुणाच्या अंगावर गेलेलं नाही. "गावातलंच तर काम, येता-जाता होतं," असं घरचे म्हणतात.

सकाळी ८ : बाळंतिणीकडे सातव्या दिवसाची भेट. दवाखान्यात बाळंतपण झालं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी आशाताईंनी घरी जायचं असतं. त्या साबणानं हात धुतात, बाळाला झोळीत घालून काटा धरतात, बगलेत थर्मामीटर लावतात, नाळ कोरडी आहे का बघतात. खरं काम त्यानंतरचं. बेंबीला हळद लावू नका, मध चाटवू नका, हे आजीला पटवायचं असतं. आजी ऐकते, कारण सांगणारी गावचीच सून आहे. आशा योजनेनं बाईच निवडली, तीही शक्यतो लग्न झालेली, विधवा किंवा घटस्फोटित आणि त्याच गावात राहणारी, ती यासाठीच. परक्या माणसाला ओसरीवरच थांबावं लागतं, तिथे त्या थेट बाळंतिणीच्या खाटेपाशी जातात. हे कौशल्य आहे, बाईचा उपजत गुण नव्हे. पण कागदावर त्या 'स्वयंसेविका'. या सहाही भेटींचे मिळून केंद्र सरकारच्या दरानं २५० रुपये, तेही ४२ दिवस पूर्ण झाल्यावर.

सकाळी ११ : उपकेंद्रात लसीकरण. घरी राहिलेल्यांना पुन्हा बोलावणं.

दुपारी २ : वह्या भरायच्या, मग तीच माहिती मोबाइलवर.

दुपारी ४ : क्षयरोगाचा रुग्ण. गोळ्या घेतल्या का, एवढंच विचारून त्या थांबत नाहीत. पाकीट मागून बघतात.

संध्याकाळी ७ : पुन्हा स्वयंपाक. कामात समाधान आहे का, असं विचारलं तर त्या बाळांची वजनं सांगतात. ते समाधान खरं आहे, आणि तेच त्यांच्याविरुद्ध वापरलं जातं याचा मला राग येतो. मुलं शिकल्याचा आनंद मिळतो, तेवढ्यावर भागवा, असं शिक्षकाला कुणी सांगत नाही. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांना गौरवलं. २०२४च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा मानधनवाढीसाठी आझाद मैदानात बसून होत्या.

रात्री ११ : फोन. कळा सुरू झाल्या आहेत. आशाताई १०८ रुग्णवाहिकेला कळवतात, नवऱ्याला उठवून सांगतात आणि पिशवी उचलतात. अनेक दवाखान्यांत सोबत आलेल्या आशाताईंना रात्री पाठ टेकायला जागा नसते. त्या व्हरांड्यातल्या बाकावर बसतात. सकाळी लसीकरणाच्या याद्या द्यायच्या आहेत.