परदेशांतील पोथीशाळा आणि प्राप्तिकर

या त्रैमासिकाच्या पानांत प्राप्तिकराचा विषय पाहून कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. सनदा, बखरी व वंशावळी यांच्या पंक्तीस करविषयक कलम बसवावें असा आमचाहि मानस नव्हता. परंतु अलीकडे आमच्या परिचयाचे चार-दोन तरुण अभ्यासक पोथ्यांच्या कामासाठीं अमेरिकेस जाऊन आले, आणि त्यांपैकीं एकावर जो प्रसंग ओढवला तो पाहतां या विषयाचा उलगडा एकवार करून ठेवणें अगत्याचें वाटलें.

अमेरिकेंतच पोथ्यांसाठीं कां जावें, असा प्रश्न आमच्या वाचकांस पडणार नाहीं. फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत तीन हजारांहून अधिक भारतीय हस्तलिखितें आहेत. डॉ. डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांच्या परिश्रमानें तो संग्रह वाढला, आणि संयुक्त संस्थानें व कॅनडा यांतील भारतीय हस्तलिखितांची पोलमन यांनीं केलेली गणना १९३८ सालीं प्रसिद्ध झाली. जेथें पोथी तेथें पोथी वाचणारा जाणारच. आणि तो तेथें वर्ष-दोन वर्षें राहून वेतन घेऊं लागला, म्हणजे कराचा प्रश्न उभा राहतो.

प्रसंग असा. आमचा एक जुना विद्यार्थी, न्यायशास्त्राचा चांगला अभ्यासक, तेथील एका विद्यापीठांत सूचीकार म्हणून दोन वर्षांच्या नेमणुकीवर गेला. ६ सप्टेंबर २०२२ रोजीं तो तेथें पोहोंचला. दोन वर्षेंपर्यंत त्याच्या वेतनांतून तेथील केंद्रीय प्राप्तिकर कापला गेला नाहीं. मुदत संपत आली तेव्हां शेवटच्या बस्त्यांतील एका टीकेचीं पानें दुसऱ्याच ग्रंथांत मिसळलेलीं आढळलीं. तीं लावल्यावांचून परतावें हें त्याच्या जिवावर आलें. विभागप्रमुखांनीं आनंदानें मुदत वाढवून दिली आणि तो ऑक्टोबर २०२४ च्या मध्यापर्यंत राहिला. पानें लागलीं; परंतु या पांच-सहा आठवड्यांमुळें मागील दोन्ही वर्षांचा माफ झालेला कर त्याच्या अंगावर आला. त्यानें आम्हांस लिहिलेलें पत्र वाचून प्रथम आमचाहि विश्वास बसला नाहीं. वाढीव दिवसांचा कर द्यावा लागला असता तर तें समजण्याजोगें होतें. मागचा सर्व कर कशासाठीं?

याचें उत्तर करारांत आहे. भारत व अमेरिका यांमधील दुहेरी कर टाळण्याचा करार १२ सप्टेंबर १९८९ रोजीं नवी दिल्ली येथें झाला व १८ डिसेंबर १९९० पासून तो अंमलांत आला. त्याचें बाविसावें कलम प्राध्यापक, शिक्षक व संशोधक यांच्यासाठीं आहे. एका देशाचा निवासी दुसऱ्या देशांतील विद्यापीठांत किंवा मान्य शिक्षणसंस्थेंत शिकविण्यासाठीं अथवा संशोधनासाठीं गेला, तर त्या कामाच्या मोबदल्यावर दुसऱ्या देशानें दोन वर्षेंपर्यंत कर घेऊं नये, असा त्याचा आशय. व्याकरणाच्या परिभाषेंत बोलावयाचें तर, जेथें काम केलें तेथें कर द्यावा हा उत्सर्ग, आणि हें कलम त्याचा अपवाद. अपवादाचा अर्थ नेहमीं काटेकोर करावा लागतो. येथें मोजमाप नुसत्या वेतनाचें नाहीं, भेटीचेंहि आहे. भेट दोन वर्षांहून लांबली, तर ती या कलमाच्या कक्षेंतील भेटच राहत नाहीं, आणि सबंध भेटीची सूट जाते, असें तेथील करखात्याचें स्पष्ट म्हणणें आहे. ज्यांनीं इनामांच्या सनदा वाचल्या आहेत त्यांस यांत नवल वाटूं नये. अट मोडली कीं सनदेचा लाभ मोडतो.

यास एक तोड करखात्यानें सांगितली आहे. उभय देशांचे अधिकृत करप्राधिकारी परस्परसंमतीनें निराळें ठरवूं शकतात. अशा संमतीवर विसंबून मुदत वाढवून घेणें म्हणजे पूर येण्याच्या वेळीं नदींत उतरणें होय.

रकमेची कल्पना यावी म्हणून एक हिशेब देतों. २०२३ हें सबंध वर्ष घ्या. वेतन ४०,००० डॉलर आणि अभ्यासक अविवाहित व करदृष्ट्या अनिवासी असें धरा. अनिवासी संशोधकास ठोक वजावट मिळत नाहीं. पहिल्या ११,००० डॉलरांवर शेंकडा १० म्हणजे १,१०० आणि उरलेल्या २९,००० वर शेंकडा १२ म्हणजे ३,४८०. एकूण ४,५८० डॉलर. हें एका वर्षाचें झालें. व्याज निराळें.

येथें एक घोटाळा हटकून होतो. संशोधक बहुधा जे-१ या वर्गाच्या व्हिसावर जातो. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणें त्याचे पहिल्या दोन वर्षांचे दिवस निवासाच्या हिशेबांत धरीत नाहींत, म्हणून तो अनिवासी राहतो. परंतु हीं दोन वर्षें पंचांगांतील, जानेवारी ते डिसेंबर अशीं. सप्टेंबर २०२२ मध्यें पोहोंचलेल्या आमच्या विद्यार्थ्याचें पहिलें ‘वर्ष’ चारच महिन्यांत संपलें, आणि १ जानेवारी २०२४ पासून त्याचे दिवस मोजले जाऊं लागले. त्याच दिवसापासून सामाजिक सुरक्षा व वैद्यकीय साहाय्य यांची शेंकडा ७.६५ ची कपातहि सुरू झाली. अनिवासी असेपर्यंत ती माफ होती. उलट कराराचीं दोन वर्षें पोहोंचल्या दिवसापासून मोजावयाचीं. एकच शब्द, दोन गणना. शक व संवत् यांचा मेळ घालणाऱ्यांस हें अवघड जाऊं नये, पण आमचा विद्यार्थी तेथेंच गोंधळला.

आणखी दोन अटी आमच्या वाचकांच्या विशेष उपयोगाच्या आहेत. पहिली ही कीं, निघण्याच्या लगेच पूर्वीं तो भारताचा निवासी असला पाहिजे. जर्मनींत तीन वर्षें काढून तेथून परभारें अमेरिकेस गेलेला अभ्यासक नागरिकत्वानें भारतीय असला तरी या सुटीस मुकतो. दुसरी अट संशोधनाच्या हेतूची: तें सार्वजनिक हिताचें असावें, मुख्यतः एखाद्या खासगी इसमाच्या लाभासाठीं नसावें. विद्यापीठाच्या संग्रहाची सूची या कसोटीस उतरेल. परंतु एखाद्या धनिक संग्राहकानें आपल्या पोथ्यांची किंमत ठरविण्यासाठीं पंडितास बोलावलें, तर तें काम कितीहि विद्वत्तेचें असलें तरी सुटीस पात्र नाहीं. आमच्या वाचकांत संग्राहक पुष्कळ आहेत व त्यांचे स्नेही समुद्रापलीकडेहि आहेत. आमंत्रण स्वीकारतांना हा भेद त्यांनीं पाहावा.

सूट आपोआप मिळत नाहीं. ८२३३ क्रमांकाचा नमुना भरून वेतन देणाऱ्या संस्थेकडे द्यावा लागतो, तोहि दर वर्षीं नवा. शिवाय करार केंद्र सरकारचा. प्रत्येक संस्थान त्यास बांधलेलें नाहीं. पेनसिल्व्हेनिया संस्थान ही सूट मानीत नाहीं व शेंकडा ३.०७ कर घेतें, आणि फिलाडेल्फिया शहर आपला वेतनकर सुमारें पावणेचार टक्के वेगळा कापतें. म्हणजे ज्या शहरीं पोथ्या सर्वांत अधिक, तेथेंच करमाफ संशोधकाच्या हातून शंभरांतील जवळ जवळ सात डॉलर जातात.

आतां स्वदेशाकडे वळूं. अमेरिकेनें कर सोडला म्हणजे भारतानेंहि सोडला, असा समज आम्हांस अनेक सुशिक्षितांत आढळला; तो चुकीचा आहे. भारताचा सामान्य निवासी जगांत कोठेंहि मिळविलेल्या उत्पन्नावर येथें कर देतो. नोकरीसाठीं परदेशीं निघालेला नागरिक त्या आर्थिक वर्षांत १८२ दिवस येथें राहिला असेल, तर तो त्या वर्षापुरता निवासी ठरतो. आमचा विद्यार्थी ५ सप्टेंबरास निघाला. १ एप्रिलपासून त्याचे १५८ दिवस भरले होते, म्हणून तो अनिवासी ठरला आणि परदेशांतील वेतनावर त्यास येथें कर पडला नाहीं. तोच १० ऑक्टोबरास निघता तर १९३ दिवस भरले असते, आणि तेव्हांपासून मार्चअखेरपर्यंतचें अमेरिकेंतील वेतन येथील करास पात्र झालें असतें. मूळ संस्थेकडून येथें मिळणारा रजेचा पगार मात्र दोन्ही पक्षीं येथें करपात्रच. १९६१ च्या अधिनियमाच्या जागीं २०२५ सालीं नवा अधिनियम संमत झाला असून त्याच्या अंमलाचा आरंभ १ एप्रिल २०२६ हा ठरविलेला आहे. १८२ दिवसांची कसोटी त्यांतहि कायम आहे.

हेंच कलम उलट दिशेनेंहि लागू आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था १९६१ सालीं स्थापन झाली व वर उल्लेखिलेले नॉर्मन ब्राउन हेच तिचे पहिले अध्यक्ष होत. अशा मार्गांनीं किंवा स्वतंत्रपणें येऊन पुण्याच्या एखाद्या मान्य शिक्षणसंस्थेंत वेतनावर काम करणाऱ्या अमेरिकन विद्वानास भारताचा कर दोन वर्षें माफ होऊं शकतो. त्यासाठीं त्यानें आपल्या देशाच्या करखात्याकडून निवासाचा दाखला आणावा व येथें विहित माहितीपत्र भरावें. हा दाखला यावयास महिने लागतात. तो घरून निघण्यापूर्वींच मागवावा. मात्र स्वदेशाच्या करांतून त्याची सुटका नाहीं, कारण अमेरिका आपल्या नागरिकांवर ते कोठेंहि राहिले तरी कर बसविते.

आमच्या विद्यार्थ्यानें तो कर हप्त्यांनीं भरला. मिसळलेल्या पानांची तालिका त्यानें आम्हांकडे पाठविली आहे. ती पाहण्याची इच्छा असणारांनीं त्रैमासिकाच्या पत्त्यावर लिहावें. याच कामावर त्याच्या मागून निघालेल्या दुसऱ्या अभ्यासकानें परतीचें तिकीट दोन वर्षें पुरीं होण्याच्या तीन आठवडे आधींचें काढलें आहे, आणि सर्वांत विस्कळीत बस्ता प्रथम सोडावयाचें ठरविलें आहे.