गोल मेजावरचे मलेशियन भोजन

देहूरोडच्या बाजारपेठेतील व्यापारी कुटुंबे दिवाळीनंतर एकत्र प्रवासाला निघतात, तेव्हा अलीकडे मलेशियाचे नाव हटकून निघते. १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना तेथे ३० दिवसांपर्यंत व्हिसाविना राहता येते, हे त्याचे सरळ कारण. महाराज सोबत असतील तर जेवणाची चिंता नसते. परंतु क्वालालंपूरला जाऊनही रोज ठेपले आणि खिचडीच खायची, याला तरुण मंडळी राजी नसतात. मग एक जेवण अस्सल मलेशियन पद्धतीचे, सर्वांनी मिळून घ्यावे असे ठरते.

तेथील चिनी वळणाच्या भोजनगृहांत प्रत्येकाचे ताट वेगळे नसते. गोल मेजाच्या मध्यभागी फिरती चकती असते. पदार्थ तिच्यावर मांडले जातात आणि जो तो आपल्या भातावर वाढून घेतो. चौविहार करणाऱ्या आजी, कंदमूळ वर्ज्य असलेली सून आणि कांदा-लसूण चालणारा नातू, तिघांपुढून एकच चकती फिरते. म्हणून ज्याचा नियम सर्वांत कडक, त्याच्या हाती मेनू द्यावा. आजींनी कोपऱ्यात बसून खाकरा खायचा आणि बाकीच्यांनी मेजवानी झोडायची, याला एकत्र भोजन म्हणता येणार नाही.

खरी फसगत डोळ्यांना दिसणाऱ्या मांसाने होत नाही, ती बेलाचानने होते. आंबवलेल्या बारीक कोळंबीचा हा घट्ट गोळा सांबल नावाच्या लाल चटणीत वाटला की दिसेनासा होतो. नाळीची भाजी तेथे बहुधा त्यातच परततात. रोजाक या फळांच्या कोशिंबिरीवरील काळ्या रसातही कोळंबी असते. नारळाच्या दुधात शिजवलेला नासी लेमाक हा भात निरुपद्रवी, पण त्याच्या शेजारी सांबल, सुकी मासळी आणि अंडे येते. नुसते ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. ‘तानपा बेलाचान, तानपा बावांग’ असे स्पष्ट सांगावे. तानपा म्हणजे विना. बावांग या एका शब्दात कांदा आणि लसूण दोन्ही येतात.

याहून सोयीची वाट चिनी बौद्धांच्या शाकाहारी भोजनगृहांची. रंगूनहून आलेल्या आणि १९५४ साली डॉ. आंबेडकरांच्या हस्ते प्रतिष्ठापित झालेल्या बुद्धमूर्तीमुळे देहूरोडला पूर्वेकडचा बुद्ध परका नाही. पूर्वेकडचे हे स्वयंपाकघर मात्र नवे आहे. तेथे परंपरेने कांदा-लसूण वर्ज्य असतो. कंदमुळे आणि अळिंबी मात्र चालतात, क्वचित अंडेही; तेवढे विचारून घ्यावे.

एक पेच उरतो. सोयाबीन आणि गव्हाच्या सत्त्वापासून बदकाच्या किंवा माशाच्या आकाराचे पदार्थ तेथे हौसेने केले जातात. मुलांना गंमत वाटते, आजी चकती पुढे ढकलतात. पिठाचा कोंबडा बळी दिल्यामुळे जन्मोजन्मी पशुयोनीत भटकलेल्या यशोधर राजाची कथा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना आजींची नापसंती समजावून सांगावी लागत नाही. हा पदार्थ न मागवणेच उचित.

वेळेचा हिशेब सोपा आहे. क्वालालंपूर विषुववृत्ताजवळ असल्याने तेथील सूर्यास्त वर्षभर सायंकाळी ७ ते ७.३० च्या सुमारास होतो. साडेपाचचे मेज राखून ठेवले तर चौविहार करणाऱ्यांना शेवटचा चेंडोलही घाई न करता घेता येतो. नारळाचे दूध, ताडगूळ आणि तांदळाच्या हिरव्या शेवया असा तो पदार्थ. बर्फ वर्ज्य असेल तर आधीच सांगावे.