सहा देशांच्या मैदानांवर आंद्रेस ओपर

लेखमाला : लहान देश, मोठं मैदान – लेखांक सातवा

गेल्या आठवड्यात आपण आइसलँडमधली छप्पर घातलेली मैदानं पाहिली. मुलांनी बर्फात खेळायचं कुठे, हा त्या देशाचा प्रश्न होता. बाल्टिक समुद्राच्या काठावरच्या एस्टोनियातही थंडी कडाक्याची, पण तिथली खरी अडचण पुढची आहे. खेळाडू तयार झाला, की त्याने खेळायचं कुठे? जेमतेम तेरा लाख लोकसंख्येच्या देशात मोठे क्लब उभे राहात नाहीत, भरलेली स्टेडियम नसतात, टीव्हीचा पैसा नसतो. ज्याला पोटापाण्यासाठी आणि खेळ वाढावा म्हणून फुटबॉल खेळायचा आहे, त्याला देश सोडावा लागतो. आंद्रेस ओपरने तो सोडला, पुन्हा पुन्हा सोडला, आणि तरीही देशाच्या संघासाठी त्याच्याइतके गोल दुसऱ्या कुणीच केलेले नाहीत. हे दोन्ही एकाच माणसाच्या बाबतीत घडलं, हा योगायोग नाही.

२ जून २००१. राजधानी टालिनमध्ये लिलेकुला भागातल्या नव्या स्टेडियमचं उद्घाटन. विश्वचषक पात्रता फेरीचा सामना, समोर लुई व्हॅन गालचा नेदरलँड्स संघ. पूर्वार्ध गोलशून्य. उत्तरार्धात ओपरने गोल केला, नव्या मैदानावरचा पहिलाच. डचांनी बरोबरी साधली, तर इंद्रेक झेलिन्स्कीने एस्टोनियाला पुन्हा पुढे नेलं. २-१. युरोपातल्या अव्वल संघांपैकी एक संघ या चिमुकल्या देशाविरुद्ध दुसऱ्यांदा पिछाडीवर पडला होता आणि सामना संपायला फार वेळ उरला नव्हता. मग शेवटच्या दहा मिनिटांत व्हॅन निस्टलरॉयने दोन आणि क्लायव्हर्टने एक गोल केला. नेदरलँड्स ४, एस्टोनिया २. मला या निकालापेक्षा त्याआधीचा अर्धा तास महत्त्वाचा वाटतो, कारण सहाच वर्षांपूर्वी असा अर्धा तास या संघाच्या वाट्याला येईल असं कुणी म्हटलं असतं, तर कुणाचा विश्वास बसला नसता.

सहा वर्षांपूर्वी, म्हणजे १९९५ मध्ये, ओपर राष्ट्रीय संघात पहिल्यांदा खेळला. जन्म ७ नोव्हेंबर १९७७ चा, वय सतरा. त्या वेळचा एस्टोनिया १९९६ च्या युरो स्पर्धेच्या पात्रता फेरीत दहा सामने खेळला आणि दहाच्या दहा हरला. क्रोएशियाने झाग्रेबमध्ये सात गोल चढवले. सतरा वर्षांच्या आघाडीवीराला अशा संघात घेतलं जातं, यात त्याची गुणवत्ता दिसते तशीच संघाची गरजही दिसते.

ही दुर्दशा सोव्हिएत काळातून आलेली होती. १९४० पर्यंत एस्टोनिया स्वतंत्र देश होता आणि त्याचा स्वतःचा राष्ट्रीय फुटबॉल संघ होता. सोव्हिएत संघात सामील करून घेतल्यावर तो संघ संपला. पुढच्या दशकांत एस्टोनियन भाषिक कुटुंबांतली मुलं फुटबॉलपासून दूर गेली. बास्केटबॉल, स्कीइंग, मैदानी खेळ हे आपले, आणि फुटबॉल हा तिथे येऊन वसलेल्या रशियन भाषिकांचा, अशी वाटणीच मनात होऊन बसली. १९९० मध्ये आइवार पोहलाक यांनी टालिनमध्ये फ्लोरा हा क्लब काढला तो ही वाटणी मोडायला. (हे पोहलाक लहान मुलांसाठी पुस्तकंही लिहितात आणि २००७ पासून देशाच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष आहेत.) एस्टोनियन भाषिक मुलांना पुन्हा मैदानावर आणणं हा त्यांचा उघड हेतू होता. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि पुढची बरीच वर्षं राष्ट्रीय संघ म्हणजे फ्लोरा अधिक थोडे इतर, असं समीकरण राहिलं. आइसलँडचे तेइतुर थोर्दार्सन तर नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात फ्लोराचेही प्रशिक्षक होते आणि देशाचेही. ओपर याच फ्लोरामध्ये घडला.

तिथून तो १९९९ मध्ये डेन्मार्कला गेला. उत्तर जटलंडमधलं आल्बोर्ग, क्लब एएबी, नुकतंच डेन्मार्कचं विजेतेपद पटकावलेलं.

इथे थोडं थांबून बाजाराचे नियम समजून घ्यायला हवेत, कारण खेळाडूची वाट त्याच्या पायांइतकीच या नियमांनी ठरते. डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने बोसमन खटल्याचा निकाल दिला. करार संपलेल्या खेळाडूसाठी जुना क्लब पैसे मागू शकणार नाही, आणि युरोपीय संघातल्या देशांच्या नागरिकांना त्या संघातल्या इतर देशांत परदेशी खेळाडूंच्या मर्यादेत मोजता येणार नाही. स्पॅनिश, इटालियन, डॅनिश खेळाडूंना रान मोकळं झालं. एस्टोनिया मात्र तेव्हा युरोपीय संघाच्या बाहेर होता. आल्बोर्गला जाणारा ओपर बाहेरचाच माणूस. अशा खेळाडूला घेताना क्लब दहादा विचार करतो. तितक्याच तोलाचा स्वीडिश किंवा डच खेळाडू कमी कटकटीत मिळत असेल, तर टालिनहून कशाला आणायचा? त्यामुळे लहान देशाच्या खेळाडूला बरोबरीचं असून भागत नाही, उजवं असावं लागतं.

त्यातही आघाडीवीराचं दुखणं वेगळंच. कमकुवत संघात गोलरक्षकाला आणि बचावपटूंना नव्वद मिनिटं उसंत मिळत नाही. चांगला असेल तर तो पराभवातही डोळ्यांत भरतो. एस्टोनियाचा गोलरक्षक मार्ट पूम डर्बी काउंटी आणि संडरलँडसारख्या इंग्लिश क्लबांकडून खेळला. आघाडीवीर मात्र त्याच सामन्यात पुढे एकटा उभा असतो. मागे दहा जण गोलपोस्टचं रक्षण करत असतात, मधूनच एखादा लांब फटका त्याच्या दिशेने येतो, दोन दांडगे बचावपटू त्याच्या अंगावर असतात. सामन्यात त्याच्या वाट्याला एखादी संधी येते, कधी तीही नाही. त्याला पारखायला आलेल्या माणसाने वहीत लिहायचं काय? म्हणून लहान देशाच्या आघाडीवीराला स्वतःला सिद्ध करायचं तर चांगल्या क्लबातच करावं लागतं, आणि तो क्लब आपल्या देशात नसतो.

आल्बोर्गला ओपर चार वर्षं राहिला. मग २००३ मध्ये टॉर्पेडो मॉस्को. एका वर्षापूर्वीच, मार्च २००२ मध्ये, एस्टोनियाने टालिनला झालेल्या मैत्रीपूर्ण सामन्यात रशियाला २-१ हरवलं होतं. ज्या देशाच्या छायेतून बाहेर पडायला एस्टोनियाला पन्नास वर्षं लागली, त्याच्या राजधानीत एस्टोनियन आघाडीवीराने नोकरी धरणं मला मुळीच खटकत नाही. रशियन लीगमध्ये तेव्हा पैसा वाढत होता, स्पर्धा अटीतटीची होती, आणि ओपरच्या पिढीचे एस्टोनियन सोव्हिएत शाळेत रशियन शिकलेले होते. जुन्या राजवटीने लादलेली भाषा नव्या काळात रोजीरोटीला उपयोगी पडली, असं पूर्व युरोपातल्या अनेकांच्या बाबतीत झालं आहे.

या स्थलांतरांत शरीराची होणारी दमछाक बाहेरून दिसत नाही. डेन्मार्कचा हंगाम उन्हाळ्यात सुरू होऊन पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो, मध्ये हिवाळ्याची मोठी सुट्टी. रशियात तेव्हा मार्च ते नोव्हेंबर खेळायचे. एस्टोनियात आजही तसंच. नेदरलँड्स पुन्हा ऑगस्ट ते मे. एका पद्धतीतून दुसरीत उन्हाळ्यात उडी मारणारा खेळाडू एका हंगामाच्या मध्यावरून उठून दुसऱ्याच्या सुरुवातीला उभा राहतो, आणि विश्रांतीचे आठवडे कुठल्याकुठे जातात. शिवाय अधूनमधून विमान पकडून राष्ट्रीय संघासाठी यायचं. ओपर हे वर्षानुवर्षं करत राहिला.

२००५ मध्ये तो रोडा जेसीकडे आला. नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला, जर्मनीच्या सीमेला चिकटून केर्कराडे हे गाव आहे. हा कोळशाच्या खाणींचा मुलूख. १९६५ ते १९७४ या काळात डच सरकारने लिम्बुर्गमधल्या खाणी बंद केल्या, आणि कामगारांच्या वस्त्यांना एकत्र बांधणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी उरल्या त्यांत फुटबॉल क्लब होता. अशा गावाचे प्रेक्षक घाम पाहतात. हूब स्टीव्हन्स तेव्हा तिथे प्रशिक्षक होते, शाल्केला युएफा चषक जिंकून देणारे, शिस्तीचे आणि बचाव घट्ट ठेवणारे. राष्ट्रीय संघात आयुष्यभर मोजक्या संधींवर जगलेल्या आघाडीवीराला असा संघ परका वाटण्याचं कारण नव्हतं. कारकिर्दीतला भराचा काळ त्याने इथे काढला. २००८ मध्ये रोडा डच चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि फेयेनूर्डकडून ०-२ असा हरला.

या दरम्यान १ मे २००४ रोजी एस्टोनिया युरोपीय संघाचा सदस्य झाला होता. दार एका दिवसात सताड उघडलं असं मात्र नाही. अनेक जुन्या सदस्य देशांनी नव्या सदस्यांच्या नागरिकांसाठी नोकरीच्या परवान्याची अट काही वर्षं कायम ठेवली; नेदरलँड्सने ती २००७ मध्ये उठवली. पण त्यानंतरच्या पिढीच्या एस्टोनियन खेळाडूला युरोपात फिरणं ओपरपेक्षा पुष्कळ सोपं गेलं.

आता एक हिशेब. खेळाडू गेला म्हणजे देशाचं नुकसान झालं, असं सरसकट बोललं जातं, म्हणून तो मांडतो. २००१ पासून फिफाचा नियम आहे की करार चालू असताना खेळाडू पैसे मोजून परदेशी क्लबाने घेतला, तर त्या रकमेचे पाच टक्के त्याला वयाच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत ज्या क्लबांनी घडवलं त्यांच्यात वाटायचे. पहिल्या चार वर्षांना या वाट्यातले प्रत्येकी पाच टक्के, पुढच्या आठ वर्षांना प्रत्येकी दहा. समजा एखादा मुलगा बारा ते एकवीस टालिनच्या एकाच क्लबात वाढला आणि पुढे दोन परदेशी क्लबांमध्ये त्याचा दहा लाख युरोंचा व्यवहार झाला. वाटपाचे पन्नास हजार, त्यातले चाळीस हजार टालिनला. आणि हे एकदाच नाही. तो जितक्या वेळा असा विकला जाईल, तितक्या वेळा. करार संपवून मोकळा झालेला खेळाडू गेला तर अर्थात काही मिळत नाही. चाळीस हजार युरो माद्रिदला किरकोळ वाटतील, पण एस्टोनियन क्लबात त्यातून मुलांच्या संघांचे प्रशिक्षक पोसले जातात. फिरता खेळाडू आपल्या पहिल्या क्लबाला अशी अनेक वर्षं मदत करत राहू शकतो.

रोडानंतरचे टप्पे लवकर लवकर येतात: चीनचा शांघाय शेनहुआ, पुन्हा नेदरलँड्समध्ये एडीओ डेन हाग, मग सायप्रसचा एईके लारनाका, आणि अखेर टालिनचाच नोमे काल्यू. तिशी उलटलेल्या आघाडीवीराचे करार आखूड होतात. क्लबाला तो आजच्या गोलांसाठी हवा असतो, पाच वर्षांच्या योजनेसाठी नाही. सायप्रस हा अशा खेळाडूंचा नेहमीचा थांबा आहे. उबदार हवा, कमी दमवणारी लीग, अनुभवी माणसांना मान. गोव्यातल्या वाचकांना हा थांबा अनोळखी वाटू नये. २०१७ मध्ये एफसी गोवात येऊन लागोपाठ दोन हंगाम इंडियन सुपर लीगचा सर्वाधिक गोलांचा मान मिळवणारा कोरो, म्हणजे फेरान कोरोमिनास, सायप्रसच्या डोक्सा क्लबातूनच फातोर्ड्याला पोहोचला होता.

अशा कारकिर्दीला आपण सहज 'भटकी' म्हणून मोकळे होतो. कुठे टिकला नाही, असा त्यात एक छुपा शेरा असतो. मला तो साफ अन्यायाचा वाटतो. ओपर आल्बोर्गला चार वर्षं होता, केर्कराडेला चार. आणि एकोणीस वर्षांत, १९९५ ते २०१४, देशासाठी १३४ सामने आणि ३८ गोल. साधारण साडेतीन सामन्यांना एक. जर्मनी किंवा ब्राझीलच्या आघाडीवीराचा हा आकडा असता तर आपण नाक मुरडलं असतं. पण यातले बहुतेक सामने अशा संघाकडून खेळलेले आहेत, जो चेंडूमागे धावण्यातच सामना घालवायचा. त्याच्या खालोखाल झेलिन्स्की, २७ गोलांवर. या अकरा गोलांच्या अंतरात डेन्मार्क, रशिया आणि नेदरलँड्सच्या बचावपटूंशी आठवड्यामागून आठवडे घेतलेल्या झुंजी आहेत, असं मी मानतो.

ओपरच्या पिढीने मळवलेल्या वाटेवरून पुढचे गेले. २०१२ च्या युरोच्या पात्रता फेरीत एस्टोनियाने सर्बियाला बेलग्रेडमध्ये ३-१ हरवलं आणि गटात इटलीच्या मागे दुसरा क्रमांक मिळवून प्लेऑफ गाठली. स्लोव्हेनियाला त्यांच्याच घरी २-१ हरवलं, तेव्हा त्यातला एक गोल कॉन्स्टँटिन वासिल्येवचा होता, जो नुकताच काही वर्षं स्लोव्हेनियन लीगमध्येच खेळून आला होता. प्लेऑफमध्ये आयर्लंडने टालिनला ४-० असं धुतलं आणि डब्लिनची १-१ बरोबरी कामाची राहिली नाही. तरी स्वातंत्र्यानंतर मोठ्या स्पर्धेच्या इतक्या जवळ हा देश कधी गेला नव्हता.

मात्र त्याच पात्रता फेरीत, जून २०११ मध्ये, हाच एस्टोनिया फेरो बेटांकडून ०-२ हरला. तिथली वस्ती पन्नास हजारांच्या घरात, आणि संघातले बरेचसे खेळाडू नोकरीधंदा सांभाळून संध्याकाळी सराव करणारे. परदेशी क्लबांत तावून सुलाखून निघालेल्या संघाला त्यांनी कसं अडवलं, हे पुढच्या आठवड्यात.