लांब शब्द फोडून वाचावा

मंडळी, आपल्या गावांतली मुले-मुली आता चाकणच्या कारखान्यांत कामाला जातात. त्यामुळे एक शब्द घरोघरी ऐकू येतो : ओव्हरटाइम. शब्द लांब आहे. पण अख्खा ऊस कोणी तोंडात घालत नाही. तुकडे करूनच खातो. शब्दाचेही आपण तसेच करू.

आधी उच्चार पाहू. टाळी वाजवून म्हणा : ओ - व्हर - टाइम. टाळ्या झाल्या तीन. म्हणजे उच्चाराचे तुकडे तीन. इंग्रजीत सगळ्या तुकड्यांवर सारखा जोर देत नाहीत. इथे जोर पहिल्या 'ओ'वर द्यायचा. 'व्हर' हलकेच म्हणायचे.

आता अर्थ पाहू. अर्थाचे तुकडे मात्र दोनच. ओव्हर म्हणजे वर, जास्त. टाइम म्हणजे वेळ. हा झाला जोडशब्द.

जोडशब्द मराठीतही आहेत. चाकणचा किल्ला घ्या. 1660 साली फिरंगोजी नरसाळ्यांनी तो शायिस्तेखानाशी जवळजवळ दोन महिने लढवला. त्या किल्ल्याचे नाव संग्रामदुर्ग. दुर्ग म्हणजे किल्ला. कसला किल्ला? संग्रामाचा, लढाईचा. मागचा तुकडा वस्तू सांगतो, पुढचा ती कसली ते सांगतो. ओव्हरटाइमचेही तसेच. वेळ, पण कसली? ठरल्याहून जास्तीची.

एक तुकडा कळला की दुसरे शब्दही उलगडतात. ओव्हरलोड म्हणजे जादा भार. टाइमटेबल म्हणजे वेळेचे कोष्टक.

हे शिकून फायदा काय? पगाराच्या कागदावर पुष्कळदा हा शब्द पुरा नसतो. नुसते 'ओ. टी.' असते. ओव्हरचा ओ, टाइमचा टी. कायद्याने ठरवलेल्या तासांहून जास्त काम केले, तर त्या तासांना दुप्पट दर मिळावा, असे 1948 च्या कारखाना कायद्याने ठरवले. 2020 च्या नव्या संहितेतही दर दुप्पटच आहे.

समजा, तासाचा दर 60 रुपये आहे. दोन तास जादा काम झाले. दुप्पट दर 120. दोन तासांचे झाले 240 रुपये. कागदावर 120 च दिसले, तर निम्मे पैसे राहिले. मग गप्प बसू नये. कागद दाखवून हिशेब विचारावा.

सराव : 'गेटपास' हा शब्द फोडा. टाळ्या किती? अर्थाचे तुकडे किती?